रिंगांची तोंडं

मोटार सुरू करायचं, नाकापुढचं हँडल रंगूबाईनं एका हातानं फिरवलं. दुसऱ्या हातानं तिनं डोक्यावरचा पदर धरला होता, सासरे समोर बसलेले म्हणून. हँडल रिकाम्या रहाटासारखं गरागरा फिरलं. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून थांबून ती नवऱ्याकडं बघायला लागली.

"बगा मामा," महिपती म्हणाला. "बाईमाणसाच्या एका हातानं फिरतंय. दम असता तर गड्याचा खांदा निखळला असता."

मामा म्हणजे दत्तोबा. भाच्यांच्या वाटणीला पंच म्हणून तो काल वरकुट्याहून बैलगाडीनं बारामतीला आला होता. मोटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पंचानं कळत नाही असं म्हणायचं नसतं. त्यानं पागोटं सावरलं, इंजिनात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"व्हय. दम न्हाय. दिसतंयच की."

छबूबाई गुऱ्हाळाच्या छपराच्या खांबाला टेकून उभी होती. ती घरातली थोरली सून. हिच्या तोंडी लागू नये असं गल्लीतल्या बायका म्हणत, ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला मुळीच वाईट वाटत नसे. पण त्या सकाळी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कारण छपराखाली जमलेली माणसं जे बोलत नव्हती तेच तिला स्पष्ट ऐकू येत होतं. हे इंजिन रावजीनं मारलं, असं प्रत्येकाच्या मनात होतं. आणि रावजी म्हणजे तिचा नवरा.

महिपतीनं ही मोटार पुण्याहून आणली तेव्हा तिच्यात चाकांखेरीज फिरण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुण्या निवृत्त साहेबाच्या बागेत ती वर्षानुवर्षं भिजत पडली होती. मोठ्या लढाईत महिपतीनं बसऱ्याकडं फौजेच्या लॉऱ्या हाकल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच वेड होतं. दौंडाहून बारामतीपर्यंत छोटी आगगाडी येते. पुढं इंदापूरला जायचं तर बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. मधे एक मोटार फिरली तर माणसंही जातील आणि भाजीही ताजी पोचेल. त्यानं ती मोटार खिळान्‌खिळा सोडवली, घासली, पुन्हा जोडायला घेतली. रावजीनं मात्र पहिल्या दिवसापासून तिला शिव्या घातल्या. "ह्या डबड्याचं येक दिस मी भंगार करीन," असं तो एकदा भर गल्लीत म्हणाला होता, आणि गल्ली असलं काही विसरत नाही.

मग अशा माणसाच्या हातात इंजिन गेलंच कसं, तर त्याचं कारण एक बैल. रावजीच्या लाडक्या खिल्लारानं महिपतीला धडक देऊन गव्हाणीवर आपटलं आणि त्याचा उजवा हात मोडला. हाडवैद्य वरकुट्याला, म्हणून महिपती मामाकडं जाऊन पडला. पिस्टन जोडायचे राहिले होते. ते घालून ठेव, असा निरोप त्यानं मामाबरोबर भावाला पाठवला, आणि रावजीनं ते घातले. पण घालताना त्यानं छपराचं कुडाचं दार आतून लावून घेतलं. दिवसभर दार उघडलं नाही. छबूबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा त्यानं ती दाराच्या फटीतून घेतली.

आता महिपती हात गळ्यात बांधून परत आला होता, आणि इंजिन मेलेलं होतं.

"कंप्रेशन म्हणतात त्येला," महिपती मामाला समजावत होता. "पिष्टन वर आला की हवा कोंडली पायजे. कोंडली की मग ठिणगी पडती, भडका उडतो, गाडी पळती. हितं हवा कोंडतच न्हाय. कुठनं तरी निसटतीय. हवा आत-भाईर सोडायचे वाल तर म्या माज्या हातानं घासून बसवलेत, बैलानं पाडायच्या आदी. ऱ्हायल्या पिष्टनावरच्या रिंगा. त्या कुणी घातल्या, ते म्या सांगाया नगं."

बाजेवर दोघा भावांचे वडील, आबा, बसले होते. गेणबा हे त्यांचं नाव आता फक्त सातबाऱ्यावर उरलं होतं. गावाचे ते आबा. थोरल्या लेकाबद्दल कुणी वाकडं बोललं की एरवी ते काठी उचलत. आज काठी मांडीवर आडवी पडून होती.

"म्हून वाटणी मागतोयस?" दत्तोबानं विचारलं.

"न्हाय तर काय करू? सरळ इरोध केला तर सोसतो की माणूस. दार लावून मुंडी मुरगळायची, त्ये न्हाय सोसत."

 छबूबाईनं पदर कमरेला खोचला.

"भावजी, दम रिंगांतनंच जातोय कशावरनं? तुमच्या वालांतनं जात आसंल."

रंगूबाईनं जावेकडं चमकून पाहिलं. सासऱ्यासमोर, मामेसासऱ्यासमोर थोरली जाऊ धाकट्या दिराला असं विचारते, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं असलं पाहिजे. महिपती मात्र चिडला नाही. तो तऱ्हेवाईक होता, पण यंत्राच्या बाबतीत त्याला खोटेपणा जमत नसे.

"बराबर इचारलंत, वहिनी. त्येची परीक्षा हाय. गोडं तेल आणा पळीभर."

"तेल?"

"ठिणगीचा पलग काढून त्या भोकातनं आत सोडायचं. तेल पिष्टनावर पसरतं आन्‌ रिंगांच्या कडंनं उतरतं. रिंगांतनं हवा जात आसंल तर तेलानं ती वाट बुजंल, घडीभर दम धरंल. वालांतनं जात आसंल तर तेल वतून काय बी फरक पडायचा न्हाय. मग म्या चुकलो, आन्‌ दादाच्या पाया पडंन."

छबूबाई स्वयंपाकघरात गेली. तिनं करडईच्या तेलाच्या बुधल्यात पळी बुडवली. काहीही फरक पडू देऊ नकोस, असं तिनं चुलीमागच्या देवाला सांगितलं. तिनं आजवर त्या देवाकडं मुलाबाळांखेरीज काही मागितलं नव्हतं.

महिपतीचा एकच हात चालता, म्हणून तेल तिलाच ओतावं लागलं. घावन टाकायच्या आधी तव्यावर सोडावी तशी बारीक धार तिनं चारी भोकांत सोडली. महिपतीनं डाव्या हातानं प्लग पुन्हा आवळले आणि बायकोला खूण केली.

रंगूबाईनं हँडल धरलं. ते अर्धं वळलं आणि अडलं. तिनं दुसरा हात लावला. पदर खांद्यावर आला, सासऱ्यांनी शहाणपणानं दुसरीकडं पाहिलं, आणि तरीही हँडल पुढं जाईना. तिनं अंगाचा भार टाकला तेव्हा आतून एक 'फुस्स' झालं आणि ते कसंबसं वळलं.

"दम धरला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद तिला लगेच लपवावा लागला.

आणखी चारदोन फेऱ्या मारल्यावर तेल ओघळून गेलं आणि हँडल पुन्हा पहिल्यासारखं सैल झालं. सगळ्यांना सगळं कळलं. दत्तोबालासुद्धा.

"रिंगाच," तो हळूच म्हणाला. "दाजी, आता काय इचारायचं ऱ्हायलं?"

छबूबाईची परीक्षा तिच्याच नवऱ्यावर उलटली होती. तिनंच मागितलेली, तिच्याच हातानं झालेली. रिकामी पळी हातात घेऊन ती उभी राहिली, आणि त्या वेळी एक फार वाईट गोष्ट तिच्या मनात आली: कशावरून केलं नसेल? रागाच्या भरात रावजी काय वाटेल ते करू शकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या दिवशी तो पहाटे उठला, विहिरीवर एकदा नव्हे, दोनदा आंघोळ करून आला, बायकोशी एक अक्षर बोलला नाही आणि दार लावून घेतलं. पाप करायला निघालेला माणूस असाच वागत असेल. हा विचार तिला इतका झोंबला की तिनं तो तिथंच संपवायचं ठरवलं.

"उगडा," ती म्हणाली.

"वहिनी, आता उगडून काय मिळायचं?" महिपती म्हणाला. "कानशीनं घासल्या आसतील, न्हायतर मोडल्या आसतील. बगून जीव जळंल निस्ता."

"जळू द्या. ह्यांच्या हातानं जे आत गेलंय त्ये ह्यांच्यासमोर भाईर काडा. मग वाटणी करा, न्हायतर फाशी द्या."

आबांनी काठी जमिनीवर टेकली. "बोलवा रावजीला."

रावजी पाटाच्या पाण्यावर होता. उसाला पाण्याची पाळी होती, आणि पाळी सोडून तो बापाच्या अंत्यविधीलाही आला नसता असं आबाच म्हणत. तो आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, खांद्यावर खोरं. आपल्यावर काय आळ आला आहे हे गल्लीत त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्याला वाटत होतं, धाकट्याला मोटारीपायी वेगळं व्हायचं आहे, एवढंच.

"इंजान उगडायचंय," आबा म्हणाले. "तूच जोडलंस, तूच उगड."

"का? चालंना व्हय?" रावजीनं विचारलं, आणि छबूबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. पण ती कसली, हे तिला वाचता येईना.

तो कामाला लागला. माणूस भांडखोर, पण हाताचा पक्का. त्यानं इंजिनाचं वरचं झाकण उतरवलं, मग गाडीखाली पाठीवर सरकून इंजिनाच्या तळचं तेलाचं ताट सोडलं. महिपती वरून सांगत होता, रावजी खालून हूं म्हणत होता. दोघं भाऊ एकमेकांशी इतकं बोललेले घरानं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ऊन छपराखाली शिरलं, रंगूबाईनं भाकऱ्या आणल्या, कुणी जेवलं नाही. शेवटी पहिला पिस्टन खालून ढकलला गेला आणि वरून महिपतीनं तो डाव्या हातात झेलला.

त्यानं तो फडक्यानं पुसला, उजेडात धरला. छबूबाई त्याच्या खांद्यावरून बघत होती.

रिंग म्हणजे बिडाची बांगडीच, पण एका जागी चिरलेली. चीर नसती तर ती पिस्टनवर चढलीच नसती. त्या चिरेला तोंड म्हणतात. एका पिस्टनवर अशा तीन बांगड्या. महिपतीनं कानशीचा ओरखडा शोधला, तो नव्हता. मोडकी कड शोधली, ती नव्हती. मग त्याचा अंगठा थबकला. तिन्ही रिंगांची तोंडं बरोबर एकाखाली एक होती, भिंत चिरावी तशी एकच उभी रेघ.

"दुसरा काड," तो म्हणाला.

दुसऱ्यावरही तसंच, आणि तिसऱ्यावरही. चौथा हातात आला तेव्हा महिपती मटकन मोटारीच्या पायरीवर बसला.

"दादा, भाईर ये."

रावजी बाहेर आला. दाढीला तेल, डोळ्यांत कचरा.

"ही तोंडं येका रेघंत कुणी केली?"

"म्या," रावजी म्हणाला. "दुसरं कोण व्हतं आत?"

"आरं पर कशापायी? म्या मामाजवळ काय निरोप धाडला व्हता?"

"म्या सबूद अन्‌ सबूद सांगितलाय," दत्तोबा घाईनं म्हणाला. पंचाचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. "'रिंगांची तोंडं फिरवून घाल.' ह्योच निरोप व्हता का न्हाय?"

"ह्योच," महिपती म्हणाला.

रावजीनं फडक्यानं हात पुसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि छबूबाईनं लग्नापासून आजवर त्या अशा लाल झालेल्या पाहिल्या नव्हत्या.

"व्हता निरोप. म्या इचार केला, नवी वस्तू, पयल्यांदा घरात चालायची, आन्‌ तिची तोंडं फिरवून घालायची? पाव्हण्याकडं कुणी तोंड फिरवून बसतं का? दुखण्यात काय तरी बरळला आसंल म्हणलं. म्हून समद्यांची तोंडं पूर्वेला केली. देवाकडं." तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, "हळद-कुकू बी लावलं व्हतं. तेलात गेलं आसंल."

सगळ्यांच्या नजरा गाडीकडं वळल्या. गाडीचं नाक उत्तरेला होतं, आणि पिस्टनवरच्या त्या रेघा जिकडं होत्या तिकडं, उजव्या अंगाला, खरोखरच पूर्व होती. बारा रिंगा, एकही चुकलेली नाही.

"तोंडं फिरवून म्हंजे येकीचं येकीकडं, दुसरीचं दुसरीकडं," महिपती हळू आवाजात म्हणाला. "येका रेघंत आली की हवा सरळ खाली निसटती. त्यात सिलिंडर जुनं, घासलेलं. तोंडं मुळातच रुंद झालीत." त्यानं पिस्टन मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं डोळे पुसले. "दादा, तू आंगूळ करून ह्यात हात घातलास?"

"मग काय पारोसा घालू?"

छबूबाईला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला ठसका लागला. ज्याला वाटोळं करायचं असतं तो कशाला दोनदा आंघोळ करेल? कशाला दार लावून, कुणी हसू नये म्हणून, बिडाच्या एकेका बांगडीचं तोंड देवाकडं करत बसेल? गल्लीसमोर शिव्या घालणारा तिचा नवरा त्या मोटारीसाठी चोरून हात जोडून आला होता. त्याच्या चुकीएवढा धडधडीत पुरावा कुठल्याही वकिलानं आणला नसता.

"मामा, मिटली वाटणी," महिपती म्हणाला. "दादानं वाईट चिंतलं आसतं तर तोंडं पूर्वेला न्हाय केली आसती. म्या उगाच त्येच्यावर..."

तो बोलून गेला आणि थांबला. पण रावजी बहिरा नव्हता.

"माज्यावर काय?"

 रावजीनं एकेकाकडं पाहिलं. भाऊ, मामा, बाप. शेवटी बायको. आणि मग त्याला समजलं. त्यानं हातातला पाना अगदी अलगद, आवाज न करता, पायरीवर ठेवला.

"म्हंजे वाटणी ह्येच्यापायी व्हती. दार लावून म्या भावाचं इंजान मोडलं, म्हून." तो आबांकडं वळला. "आबा, तुमाला बी वाटलं?"

आबांची मान खाली गेली.

"मग आता वाटणी कराच," रावजी म्हणाला. "आता मला पायजे."

तो गोठ्यात निघून गेला. घर फुटता फुटता सांधलं होतं ते पुन्हा दुसऱ्या बाजूनं तडकलं. महिपती उठायला लागला तशी छबूबाईनं त्याला हातानं बसवलं आणि पदर सारखा करून ती एकटी मागं गेली.

रावजी खिल्लाराच्या पाठीवर हात फिरवत उभा होता. ती गव्हाणीपाशी थांबली.

"मला बी वाटलं व्हतं," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही.

"मगाशी. पळी हातात व्हती तवा. लई न्हाय, पर वाटलं. म्या तुमची बायकू, माज्या मनात आलं, मग भावजींच्या मनात आलं तर त्येंचं काय चुकलं? तुमी तोंडानं जळतं कोळसं टाकता आन्‌ हातानं हळद-कुकू लावता. लोकांनी तोंड ऐकायचं का हात बगायचा?"

"मग तू बी वाटणी माग."

"मागंन की. मला तुमचा हात द्या आन्‌ तोंड भावजींना द्या."

बैलानं शेपूट हलवली.  रावजीच्या पाठीकडं बघून तिला कळेना की तो रागावला आहे की हसतो आहे. मग तो वळला. डोळे लाल होते, पण ओठाचा एक कोपरा वर गेला होता.

"माजं तोंड घिऊन महिपा काय करंल? त्येचंच त्येला पुरतंय."

तो तिच्या बाजूनं निघून थेट छपराखाली गेला. महिपती उठला, वाकला आणि डाव्या हातानं भावाच्या चिखलाच्या पायांना शिवला.

"दादा, म्या चुकलो."

"चुकलास," रावजी म्हणाला. "पाना दे. आन्‌ तोंडं किती फिरवायची त्ये नीट सांग, मामाच्या हाती निरोप नगं."

"तिघींची तीन दिशांना. येकमेकींकडं पाठ करून बसल्या तरच दम धरत्यात."

"जावा-जावांचं उलटं हाय की मग," दत्तोबा म्हणाला, आणि दोन्ही जावा एकदम त्याच्याकडं अशा बघायला लागल्या की तो पानाची चंची उघडून गप्प बसला.

या वेळी दार लावलं नाही. रावजी एकेक रिंग फिरवत होता, महिपती सांगत होता, आबांनी बाज पुढं ओढून घेतली होती. रंगूबाई पिस्टन पुसून देत होती आणि छबूबाई त्याला तेल लावत होती. एक पूर्वेला, एक वायव्येला, एक नैर्ऋत्येला, असं रावजी दिशांची नावं घेत घेत बसवत गेला. देवाकडं निदान एक तरी तोंड हवंच, यावर तो अडून बसला, आणि महिपतीनं ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत मोटारीला हळद-कुंकू लागलं. रंगूबाईनं हँडल धरून पाहिलं. तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवले, ओठ चावला, पण हँडल तसूभरही हललं नाही. ती दमून मागं सरली तेव्हा महिपती इतका खूश झाला की कुणाला वाटावं बायकोनं गडच सर केला.

मग रावजी पुढं झाला. त्यानं हातावर थुंकून हँडल पकडलं आणि खांद्यातून जोर काढला. हँडल वळलं, अडलं, पुन्हा वळलं, आणि एका दणक्यासरशी त्याच्या हातातून निसटलं. छप्पर हादरलं, धुराचा लोट उठला, शेजारची कोंबडी उकिरड्यावरून थेट कौलावर गेली. इंजिन आधी खोकलं, अडखळलं, आणि मग घुमायला लागलं. रावजी धुरात उभा होता, तोंड उघडं. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते धुरानं आलं असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले.

महिपतीचा उजवा हात अजून फळीत बांधलेला. डावा सुकाणूच्या चाकावर ठेवला की गियरचा दांडा ओढायला हात उरत नव्हता. हात बरा होईपर्यंत थांबू, असं आबा म्हणाले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. महिपती चाकामागं बसला, रावजी त्याच्या डाव्या बाजूला. मागं आबा, दत्तोबा आणि दोघी जावा. दत्तोबाची बैलगाडी गड्याबरोबर मागाहून यायची होती.

"म्या 'आता' म्हणलं की दांडा वढायचा," महिपती म्हणाला.

"आन्‌ न्हाय म्हणलास तर?"

"तर बसायचं."

बारामतीच्या वेशीपर्यंत गाडी दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा रावजीनं घाई केली म्हणून. सणसरपर्यंत त्याच्या हाताला अंदाज आला. लासुर्ण्याच्या पुढं महिपतीला 'आता' म्हणावंच लागेना. त्यानं पाय दाबला की रावजीचा हात आपोआप दांड्यावर जायचा. एकाचा हात, दुसऱ्याचा पाय, आणि मोटार एकच. रस्त्यावरच्या बैलगाड्या बाजूला होत होत्या, बैल कान टवकारत होते, आणि प्रत्येक वेळी रावजी बैलांची माफी मागितल्यासारखा हात वर करत होता. छबूबाईनं पदर दातांत धरला होता. वारा तोंडावर येत होता. असं वाऱ्यासारखं आपण कधी जाऊ, असं तिला जन्मात वाटलं नव्हतं, आणि आता जात होती तर ते फार आवडत होतं.

निमगावाकडच्या चढाला दत्तोबानं आबांचा गुडघा घट्ट पकडला. "उतरून ढकलाया लागंल."

"बस गप," आबा म्हणाले.

गाडी चढाला लागली. वेग पडला, इंजिनाचा आवाज जड झाला. महिपतीचा पाय आणि रावजीचा हात एकदम हलले, दांडा खटकन बसला, आणि गाडी धापा न टाकता, सरळ, माथ्यावर चढली. पलीकडं इंदापूरची झाडं दिसायला लागली.

"दम हाय," दत्तोबा म्हणाला. या वेळी त्याला खरोखरच कळलं होतं.

इंदापुरात बाजाराचा दिवस होता. मामलेदार कचेरीच्या पुढं मोटार थांबली तसा बाजार तिच्याभोवती गोळा झाला. दत्तोबा खाली उतरला, धोतर झटकलं आणि आबांना म्हणाला, "पंच म्हून आलो व्हतो दाजी, पाव्हणा म्हून चाललो. बरं झालं." महिपती बॉनेट उघडून लोकांना काहीतरी समजावत होता. रंगूबाई त्याच्याशेजारी उभी राहून, जणू सगळं तिनंच जोडलं होतं, अशी मान हलवत होती.

छबूबाईला गर्दीत नवरा दिसेना. क्षणभर तिला वाटलं, आतला सल पुन्हा वर आला आणि हा माणूस एकटाच पायी परत निघाला. आबाही मान उंच करून त्यालाच शोधत होते.

मग तिला त्याचा आवाज आला. रावजी मोटारीच्या मागच्या पायरीवर चढून उभा होता. गुळाचा, तेलाचा, चिखलाचा डाग पडलेला सदरा, पागोटं सुटून गळ्यात आलेलं. एका हातानं टपाची काठी धरून तो पाटावर पाणकऱ्याला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात ओरडत होता.

"बारामती, बारामती! शेळगाव, लासुर्णं, सणसर, बारामती! आमची मोटार निगाली. बसा, बसा. म्हाताऱ्यांना आदी जागा द्या."

एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन पुढं आली आणि गाडी मधेच बंद तर पडणार नाही ना, असं तिनं विचारलं.

"बंद?" रावजी म्हणाला. "म्या सोता जोडलीया, मावशी. माज्या भावानं आन्‌ म्या."

आबांनी छबूबाईकडं पाहिलं. मग त्यांनी उपरणं झटकलं आणि जरा सरकून त्या बाईच्या पाटीला जागा करून दिली.